बायोस एएसपीएम (एसएसडी, लॅनकार्ड जोडणाऱ्या पीसीआयई लिंकची वीजबचत) हातात देत नाही, लिनक्सवर फोर्स करावं का? सल्ला हवा

रावेरकर_केळी
राम राम मंडळी. रावेरला आमचा केळीचा धंदा आहे, गाड्यांच्या वजनपावत्या एका जुन्या ऑफिसवाल्या मिनी पीसीवर असतात आणि तो चोवीस तास चालूच. लाईट गेली की इन्व्हर्टरवर येतो, मे महिन्यात तर त्या खोलीत हात लावायची सोय नसते. पॉवरटॉपमध्ये (वीज कुठे जाते ते दाखवणारं टूल) बघितलं तर मशीन रिकामं असूनही प्रोसेसरचं पॅकेज सी२ या हलक्या झोपेच्या पुढे जातच नाही. एएसपीएमच्या पॉलिसीच्या फाईलमध्ये पॉवरसेव्ह लिहायला गेलो तर रूट असून परवानगी नाही म्हणतं, आणि डीमेसेजमध्ये (कर्नेलचा लॉग) ओळ आहे की एफएडीटी या बायोसच्या टेबलानुसार या सिस्टमला पीसीआयई एएसपीएम चालत नाही, म्हणून बंद केलं. बायोसमध्ये तसलं सेटिंगच नाही. फोर्स करू का? सीझनचा हिशोब आहे त्यात, भीती वाटते.

भुसावळ_टर्मिनल
भाऊ ती परवानगीची एरर त्याचमुळे येते, एएसपीएम बंद धरलं की कर्नेल पॉलिसी बदलूच देत नाही. नकार दोन जागी असू शकतो, एक एफएडीटी टेबलातला बिट, तो बनवणाऱ्याने लावलेला असतो, आणि दुसरा _ओएससी, म्हणजे बूट होताना कर्नेल कंट्रोल मागतो आणि फर्मवेअर नाही म्हणतं. तुझा पहिला आहे. आणि नकार म्हणजे एएसपीएम बंदच असेल असं नाही बरं, फर्मवेअरने जे लावून ठेवलंय तेच राहतं. २०११ ला २.६.३८ कर्नेल आल्यावर कितीतरी लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरायला लागली होती ती याच भानगडीत, मग मॅथ्यू गॅरेटने पॅच दिला की कंट्रोल मिळाला नाही तर आहे तसं सोडायचं. म्हणून आधी रूटने एलएसपीसीआय -व्हीव्ही चालव आणि एलएनकेकॅप, एलएनकेसीटीएल दोन्ही ओळी बघ, पहिलीत हार्डवेअरला काय जमतं ते, दुसरीत आत्ता काय चालू आहे ते.

धुळे_सर्किट
सेटपीसीआय कमांडने थेट हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहून टाक ना, कर्नेलला विचारायचंच कशाला.

भुसावळ_टर्मिनल
मी नाही सांगणार तसं. लिंकची दोन टोकं असतात, एल१ (लिंकची झोपेची पायरी) आधी वरच्या पोर्टवर चालू करावं लागतं मग डिव्हाइसवर, उलटं झालं की लिंक लटकू शकते, आणि ज्याच्यावर पावत्या आहेत त्या मशीनवर हे खेळ नको.

रावेरकर_केळी
बघितलं दादा. एसएसडी आणि लॅनकार्ड दोन्हीला एल१ जमतं पण दोन्हीकडे डिसेबल्ड आहे.

भुसावळ_टर्मिनल
मग फोर्स करायला अर्थ आहे. पण आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर, आणि बायोसचं नवं व्हर्जन असेल तर ते टाकून बघ, काही बोर्डांत नेटिव्ह एएसपीएम नावाचा पर्याय नंतर येतो. मग ग्रबमध्ये (बूटचा मेनू) ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी पीसीआयई_एएसपीएम=फोर्स आणि पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=पॉवरसेव्ह दोन्ही लिही. नुसत्या फोर्सने काही हलत नाही, कारण पॉलिसी डीफॉल्ट राहते म्हणजे परत बायोसचंच चालतं, लोक इथेच अडकतात. असं लिहिलेलं त्या एका बूटपुरतंच असतं, लटकलं तर रीस्टार्ट केलं की जुनं परत. पॉवरसुपरसेव्ह आत्ता नको, त्यात एल१ च्या खालच्या पायऱ्याही चालू होतात आणि जुन्या एसएसडी तिथेच रुसतात.

रावेरकर_केळी
केलं. पॅकेज आता खाली जातंय! पण डीमेसेजमध्ये लॅनकार्डच्या नावाने करेक्टेड एररच्या (आपोआप दुरुस्त झालेल्या चुका) ओळी सारख्या येताहेत.

चाळीसगाव_रूट
कसं शे ना भाऊ, त्या एका कार्डासाठी सगळं बंद करू नको. कर्नेल ५.५ पासून प्रत्येक डिव्हाइसच्या सिसएफएस (/sys) फोल्डरमध्ये लिंक म्हणून फोल्डर असतं, त्यात एल१_एएसपीएम फाईल, लॅनकार्डच्या फाईलमध्ये ० लिही. रीबूटनंतर हे टिकत नाही म्हणून बूट होताना चालणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस करून ठेव.

रावेरकर_केळी
ओळी थांबल्या. एसएसडीच्या नावाने काही नाही. चार-आठ दिवस असंच चालवतो आणि मगच ग्रबच्या फाईलमध्ये कायमचं टाकतो, तोपर्यंत पावत्यांची कॉपी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर.

भुसावळ_टर्मिनल
बरोबर. आणि कर्नेल अपडेट झाला की डीमेसेज परत एकदा बघत जा.