मदत हवी आहे : अध्ययन अक्षमतेची जाणीव प्रश्नावलीतून मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

बी.एड.च्या लघुसंशोधनासाठी विषय घेतलाय : समावेशक शिक्षणाच्या (सगळी मुलं एकाच वर्गात शिकणं) संदर्भात छात्राध्यापकांना अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडणं) कितपत जाणीव आहे. प्रश्नावली स्वतःच तयार करायची आहे आणि तिथंच गाडं अडलंय.

पहिला मसुदा 'हो / नाही / सांगता येत नाही' असा केला. वर्गातल्या काही जणांकडून भरून घेतला, तर जवळजवळ सगळं बरोबर. डिस्लेक्सिया वाचनाशी, डिस्ग्राफिया लेखनाशी, डिस्कॅल्क्युलिया गणिताशी, हे परीक्षेपुरतं पाठच असतं हो! मग त्यांनाच एका चौथीतल्या मुलाचं वर्णन दिलं. तोंडी उत्तरं झकास, गोष्ट रंगवून सांगतो. पण फळ्यावरून उतरवताना 'पाणी'चं 'पणि' होतं, जोडाक्षराशी अडतो, मधलीच ओळ गाळतो. यावर 'लक्ष नसतं', 'घरी अभ्यास घेत नाहीत', 'रोज दहा ओळी शुद्धलेखन द्या'. एकीनं तर 'मतिमंद' लिहिलं. व्याख्येत 'बुद्धिमत्ता कमी नसते' हेही तिनंच लिहिलं होतं!

तर असे प्रसंगच प्रश्न म्हणून घ्यावेत का? गुण कसे द्यायचे? आणि सगळीच वर्णनं अक्षमतेची असली तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत लोक ओळखतील.

प्रतिसाद
घ्याच. मध्ये वेगळी वर्णनंही पेरा : फळा नीट न दिसणारं मूल, घरची भाषा वेगळी असलेलं मूल. पहिलीतलं मूल 'पंचवीस' ऐकून ५२ लिहितं, कारण आपण एकक आधी बोलतो; एवढ्यावरून डिस्कॅल्क्युलिया म्हणणाऱ्याचे गुण कापा.

'याला काय झालंय?' असं विचारू नका, 'आधी काय कराल?' विचारा. निदान तज्ज्ञांचं काम. शिक्षकानं चुका टिपाव्यात, शिकवण्याची पद्धत बदलून बघावी, मग पुढे पाठवावं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीतसुद्धा नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकलेली असावी, अशी अट आहे. त्यामुळे 'लगेच अक्षमतेचं प्रमाणपत्र काढायला सांगेन' यालाही पूर्ण गुण नकोत. आशय सप्रमाणतेसाठी, म्हणजे प्रश्न हव्या त्या विषयाला नीट धरून आहेत ना हे बघण्यासाठी, एखाद्या विशेष शिक्षकाला दाखवून घ्या.

धागाकर्ती
धन्यवाद! मग व्याख्यांचे प्रश्न काढून टाकू?

प्रतिसाद
अजिबात नको. दोन्ही भागांचे गुण वेगळे मांडा. त्यांतली तफावत हाच तुमचा निष्कर्ष.