मदत हवी आहे: रात्री कामावरून एकटी परतते (ट्रान्सवुमन, सोलापूर), स्प्रे घ्यावा की अजून काही?

रातपाळी_२९

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

मी ट्रान्सवुमन आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत गारमेंटमध्ये ओव्हरलॉकवर बसते. शाळेच्या युनिफॉर्मचं काम अंगावर आलं की सुटायला साडेनऊ होतात. शेअर रिक्षाने सात रस्ता, तिथून दुसरी रिक्षा आसरा चौकापर्यंत, पुढे दहा-बारा मिनिटं पायी. त्या दहा-बारा मिनिटांसाठी हा धागा.

पंधरा दिवसांपासून एका मोटरसायकलवर दोन पोरं मागे लागलीत. पहिल्या दिवशी "काय बे, पोरगं का पोरगी?" एवढंच. हे मला नवीन नाही, मान खाली घालून चालत राहते. गेल्या गुरुवारी मात्र गाडी आडवी लावली आणि मागच्यानं ओढणी ओढली. ओढणी पिनेनं लावलेली, त्यामुळे ती सुटली नाही, कुर्ताच खांद्यावर टरकला. समोर गिरणी चालू होती, मी तिकडे पळाले. गिरणीवाले काका पिठाच्या हातानं बाहेर आले, "कोण आहे रे?" म्हणाले, तेव्हा ती पोरं गेली.

आणि मी ओरडलेच नाही. घशाशी आलं होतं, पण माझा आवाज जड येतो. ऐकणाऱ्याला बाई अडचणीत आहे असं वाटत नाही, दोन गड्यांचं भांडण लागलंय असं वाटतं. शिवाय त्या गल्लीत ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळलं असतं. घरमालकीण त्याच गल्लीत राहते.

स्प्रे जवळ ठेवला तर माझ्यावरच केस होईल का? मैत्रीण म्हणते छोटा चाकू ठेव. कराटेवाले बायकांच्या बॅचमध्ये मला घेतील का? आणि पोलीस. मागे मोबाईल चोरीला गेला तेव्हा एका चौकीत गेले होते. तक्रार राहिली बाजूला, "खरं नाव काय" यातच अर्धा तास गेला.

"रात्री जाऊच नको" हे उत्तर नको. ते आई रोज फोनवर देते.

माळढोक

घरातलं कुणी चौकापर्यंत घ्यायला येऊ शकत नाही का? भाऊ वगैरे?

रातपाळी_२९

भाऊ आहे. चार वर्षं बोलत नाही.

काळाकोट

ताई, आधी चाकूचा विषय संपवू. अजिबात नको. आपल्याकडे सण, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघतो, त्यात चाकूच काय, काठीसुद्धा बाळगता येत नाही. चाकू हिसकावून घेतला गेला तर पुढचं मी लिहीत नाही.

पेपर स्प्रेला परवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो प्रत्येकाला आहे, बाई-पुरुष असा भेद त्यात नाही. अट एकच: हल्ला थांबायला लागेल तेवढाच मार. पोरगा डोळे चोळत खाली बसल्यावर त्याला लाथा घातल्या तर तो बचाव राहत नाही. नुसतं लांबून बोलला म्हणूनही स्प्रे मारायचा नाही.

तक्रारीबद्दल. पाठलागाचं कलम ७८ "बाई" या शब्दावर आहे, तिथे ठाणे अंमलदार घोळ घालू शकतो. म्हणून अर्जात वाट अडवणं (१२६), मारहाण (११५), धमकी (३५१), रस्त्यावर अश्लील बोलणं (२९६) यांतलं जे जे घडलं ते नीट लिहा. तिथे तुम्ही कोण हा प्रश्नच येत नाही. सोबत ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायदा, २०१९, कलम १८: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं. शिक्षा तोकडी आहे हे माझं मत, पण अर्जात हे कलम दिसलं की समोरचा जरा सरळ बसतो. २०२० च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली ट्रान्सजेंडर संरक्षण कक्ष असावा असंही आहे, तेव्हा एक प्रत तिकडेही द्या.

गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नाहीच घेतला तर तोच मजकूर पोस्टानं पोलीस आयुक्तांना, पोचपावती जपून. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

दंडबैठक

मी मुलींना शिकवते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. पर्सच्या तळाशी ठेवलेला स्प्रे म्हणजे घरी ठेवलेला स्प्रे. रिक्षातून उतरतानाच हातात, अंगठा झाकणावर. वारा तोंडावर असेल तर मारू नका, स्वतःच आंधळ्या व्हाल. नवीन आणला की गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून एकदा मारून बघा, किती लांब जातो ते कळतं. डब्यावरची मुदत बघा, जुन्यात जोर राहत नाही.

मनगट धरलं तर मागे ओढू नका, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला पिळा. पकड तिथंच सुटते. सुटलं की पळा, उजेडाकडे. परवा तुम्ही गिरणीकडे पळालात, ते अगदी बरोबर केलंत.

ओढणीची पिन काढा. ओढली तर ओढणी त्याच्या हातात जाऊ दे. गंगावन किंवा विग असेल तर तेही घट्ट क्लिपांनी नको. पायात पट्ट्याचं सँडल.

क्लासचं म्हणाल तर चौकशीच्या फोनवरच सरळ सांगून टाका. तिथे अडखळले तर दुसरा क्लास. महिनाभरात कुणी ब्रूस ली होत नाही, पण अंगाला धक्का खायची सवय होते आणि पहिल्या क्षणाला जे गोठायला होतं ते कमी होतं. माझ्या मते क्लासचा खरा फायदा तेवढाच.

चंद्रा_अम्मा

पोरी, मी डेऱ्यातली आहे, म्हणजे तृतीयपंथीयांच्या घरातली, वय साठीकडे. आवाजाचं वाचून हसले आणि रडले. आमच्याकडे त्याला टाळी आहे. दोन तळवे आडवे उघडून मारली की अर्ध्या बाजारात ऐकू जाते, आणि पोरं निम्मी तिथंच पांगतात. शापाला भितात मेले.

रातपाळी_२९

अम्मा, राग मानू नका. टाळी येते मला. पण ती मारली की मी त्या गल्लीतली भाडेकरू राहत नाही, "ते" होते. दुसऱ्या दिवशी खोली खाली कर म्हणतील.

चंद्रा_अम्मा

राग कशाचा. खोली मिळायला आम्हालाही काय कमी जोडे झिजवावे लागले? मग शिट्टी घे की. शिट्टीला बाईचा नाही, बाप्याचा नाही, कुणाचाच आवाज नसतो.

दंडबैठक

अम्मांना शंभर मार्क. फक्त आत गोटी असलेली घेऊ नका, थुंकी गेली की अडकते. खेळाच्या दुकानात पंचांची बिनगोटीची मिळते. गळ्यात नको, दोरीनं आवळायला मिळेल. मनगटाला. आणि फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस चालू करून ठेवा, बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवर बटण पाच वेळा दाबलं की ११२ लागतो. कंट्रोल रूमशी बोलताना आधी खुणेची जागा सांगा, नाव नंतर.

माळढोक

माझा पहिला प्रश्न चुकला, माफ करा. सात रस्त्याच्या रिक्षावाल्यांपैकी एकाशी ठरवून घेता येईल का? दारापर्यंत, महिन्याचे पैसे बांधून.

रातपाळी_२९

सगळ्यांचे आभार. आठवड्याचा हिशोब देते.

शिट्टी घेतली, स्प्रे आला, गच्चीवर मारून बघितला. वारा फिरला आणि मीच अर्धा तास नळाखाली. दंडबैठक ताई, हसू नका.

रिक्षावाले एक मामा तयार झालेत, सुपरवायझर थांबवून घेईल त्या रात्रींपुरते. रोजचं परवडत नाही. गिरणीवाले काका आपण होऊन म्हणाले, दहाला बंद करतो ती सव्वादहाला करीन. त्यांना माझं सगळं माहीत होतं म्हणे, दळण द्यायला येते तेव्हापासून.

पोरं परवा चौकात दिसली, लांबच थांबली. गाडीचे शेवटचे चार आकडे लिहून घेतलेत. अर्ज तयार आहे, पण ठाण्याची पायरी एकटीनं चढवत नाही. काळाकोट, सोबत कुणी मिळेल का?

काळाकोट

सोमवारी साडेअकरा, कोर्टाच्या गेटवर. अर्ज तीन प्रतींत आणा, फाटलेला कुर्ता धुतला नसेल तर तसाच पिशवीत घालून आणा. नावाचा विषय निघाला तर मी बोलेन.