ग्वान यू: निष्ठा मोठी की अहंकार?

मधुमालती
माझगावच्या चिनी मंदिरात ग्वान यू या प्राचीन चिनी सेनापतीला 'क्वान कुंग' म्हणून पुजतात. निष्ठेचा देव. त्याच्या शौर्याबद्दल मला आदरच आहे, पण त्याचा धनी लिऊ बेई याचं जिंगचौ (ग्वान यूने सांभाळायचा प्रांत) गेलं ते याच्या गर्वामुळे, असं माझं ठाम मत आहे. इ.स. 219 मध्ये त्याने लिऊ बेईचा शत्रू छाओ छाओ याच्या फानचंग शहराला वेढा घातला, पुरात अडकलेली शत्रूचा सेनापती यू जिन याची फौज शरण आली, छाओ छाओ राजधानी हलवायच्या विचारात पडला. आणि पाठीमागे काय? लिऊ बेईचा मित्र म्हणवणारा शेजारचा सत्ताधीश सुन छ्वान याने आपल्या मुलासाठी ग्वान यूच्या मुलीला मागणी घातली होती, तर याने दूताला शिवीगाळ करून परत पाठवलं. रसदीत कुचराई केली म्हणून मी फांग नावाच्या आपल्याच बाजूच्या सरदाराला 'परत आल्यावर बघतो' अशी तंबी दिली. सुन छ्वानचा सेनापती लू मंग चालून आला तेव्हा त्याच मी फांगने न लढता आपल्या ताब्यातलं शहर त्याच्या हवाली केलं. धन्याचा मुलूख राखणं हीसुद्धा निष्ठाच ना?

किल्लेदार
ताई, फितुरी मी फांगची, दगा सुन छ्वानचा आणि दोष ग्वान यूचा? लिऊ बेईचेच सरदार लिऊ फंग आणि मंग दा यांच्याकडे त्याने कुमक मागितली होती, त्यांनी दिली नाही. तेही विसरू नका.

आणि इ.स. 200 आठवा. तो छाओ छाओच्या कैदेत होता. छाओ छाओने त्याला सेनापतिपद दिलं, मानमरातब दिला. याने छाओ छाओच्या शत्रूचा सेनापती यान ल्यांग याला मारून ते उपकार फेडले, मिळालेल्या सगळ्या भेटी मोहोरबंद करून ठेवल्या, निरोपाचं पत्र लिहिलं आणि लिऊ बेईकडे निघून गेला. तेव्हा लिऊ बेईकडे स्वतःचा मुलूख नव्हता, दुसऱ्याच्या आश्रयाला होता तो! छाओ छाओने पाठलागही करू दिला नाही. शत्रूलाही ज्याचं मोल कळलं, त्याला गर्विष्ठ म्हणून निकालात काढायचं?

रानवाट
लिऊ बेई, ग्वान यू आणि जांग फेई यांनी भाऊ होण्याची घेतलेली पीचच्या बागेतली शपथ कादंबरीतली, तिसऱ्या शतकातला इतिहासकार चन शौ याच्या ग्रंथात ती नाही. तिघं एकाच बिछान्यावर झोपत, भावांसारखी माया होती, एवढंच तो लिहितो. पण हाच चन शौ त्याला कणखर आणि गर्विष्ठ ठरवतो. चन शौचा जन्म लिऊ बेईच्याच राज्यातला, त्यामुळे ही शत्रूची निंदा म्हणता येत नाही. मी मधुमालतींच्या बाजूने.

किल्लेदार
मान्य, गर्व होता. पण पुढे पोलिसांनी, व्यापाऱ्यांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं ते दिलेला शब्द पाळणारा म्हणून. जिंगचौ त्याने राखलं की गमावलं, हे कुणी विचारलं नाही.

मधुमालती
विचारायला हवं होतं. सुन छ्वानच्या माणसांनी ग्वान यूला मारलं, त्याच्या सुडासाठी लिऊ बेई सुन छ्वानवर चालून गेला, 222 मध्ये यीलिंगला फौज गमावली आणि पुढच्याच वर्षी वारला.

किल्लेदार
ती स्वारी लिऊ बेईने ठरवली. ग्वान यू तेव्हा जिवंत नव्हता.