वृद्धिघटक की वृद्धिकारक?

प्रश्न: गर्भातल्या मेंदूच्या घडणीवरचा लेख मराठीत आणते आहे. 'ग्रोथ फॅक्टर'ला काय म्हणावं? 'वाढीचे घटक' वाचलं आहे. पण मूळ लेखात हेच पदार्थ कधी पेशींचं विभाजन वाढवतात, कधी थांबवतात. मग वाढ कसली? आणि 'न्यूरल प्रिकर्सर सेल'साठी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे मेंदूच्या पेशी बनतात त्यांच्यासाठी, 'पूर्वज पेशी' चालेल का?

उत्तर: 'घटक' मला खटकतो. घटक म्हणजे एखाद्या गोष्टीचा भाग, जसे हवेचे घटक. ही प्रथिनं तर पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) जोडली जातात आणि आतली कामं सुरू करून देतात. करणारा तो कारक, म्हणून 'वृद्धिकारक'. 'वृद्धिसंप्रेरक' मात्र नको. संप्रेरक रक्तातून लांबवर जातं, वृद्धिकारकाचं काम बहुधा आसपासच्या पेशींवर चालतं.

वाढ कसली, हा प्रश्न फार चांगला आहे. एफजीएफ-२ किंवा ईजीएफ हे वृद्धिकारक मिळत राहिले की पूर्वपेशी (तुमच्या प्रिकर्सर सेल) विभागत राहतात. १९९२ मध्ये रेनल्ड्स आणि वाइस या संशोधकांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी ईजीएफ देऊन प्रयोगशाळेत वाढवल्या. अशा पेशींचं वृद्धिकारक काढून घेतलं, की विभाजन मंदावतं आणि त्यांच्यापासून चेतापेशी व त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी तयार होऊ लागतात. इथे वृद्धी संख्येची. बीएमपी हे आणखी एक वृद्धिकारक प्रथिन मात्र विकासाच्या नंतरच्या टप्प्यात पूर्वपेशींना अ‍ॅस्ट्रोसाइट (एक प्रकारची ग्लिया पेशी) होण्याकडे वळवतं, म्हणजे त्यांचं भवितव्य ठरवतं. ज्याच्या शोधासाठी लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं, ते एनजीएफ हे वृद्धिकारक प्रथिन काही ठरावीक चेतापेशींना जगवतं, त्यांचे तंतू लांबवतं. तेव्हा प्रत्येक ठिकाणी नेमकं काम क्रियापदातून सांगा, नावावर सोडू नका.

आणखी एक उत्तर: 'वृद्धिकारक' पटलं. 'पूर्वज' नको, तो शब्द मागच्या पिढ्यांचा. 'पूर्वपेशी' किंवा 'चेतापूर्वपेशी' बरं. 'मूलपेशी'ही सरसकट वापरू नका. मूलपेशी स्वतःसारख्या पेशी दीर्घकाळ निर्माण करत राहते, प्रत्येक पूर्वपेशीला ते जमत नाही.

'रेग्युलेशन'साठी 'नियंत्रण' की 'नियमन', हेही पाहा. उंदरांच्या गर्भात सुरुवातीच्या पूर्वपेशी एफजीएफ-२ला प्रतिसाद देतात. ईजीएफला प्रतिसाद देण्याची क्षमता त्यांच्यात पुढे येते. म्हणजे निम्मा निर्णय पेशीच्या वयाचा आणि तिच्यावरच्या ग्राहींचा. 'नियंत्रण'मध्ये सगळी सत्ता बाहेरच्याकडे जाते, म्हणून 'नियमन'.

प्रश्नकर्ती: मग पहिलं वाक्य असं करते: 'वाढत्या मेंदूत पूर्वपेशींनी किती काळ विभागायचं आणि पुढे काय व्हायचं, याचं नियमन वृद्धिकारक करतात, पण त्यांचा परिणाम पेशीच्या अवस्थेनुसार बदलतो.'