लढून मिळवलं म्हणून महासत्ता? जरा थांबा

खडूस काका:
कालपासून एकच मजकूर फिरतोय. 'अमेरिकेनं बंदूक उचलली म्हणून ती महासत्ता झाली, आपण सूत कातत बसलो म्हणून अजून रांगेत उभे आहोत.' एरवी सोडून दिलं असतं, पण आमच्या मेहुण्यानंही त्यावर अंगठा उमटवलाय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अमेरिका एकटी लढली हेच आधी डोक्यातून काढा. १७८१ साली यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला तो समुद्रात फ्रेंच आरमार आडवं आलं म्हणून. जमिनीवरही रोशांबोची फ्रेंच पलटण होतीच. पैसा, दारूगोळा, सगळीकडे फ्रान्सचा हात. त्या खर्चानं फ्रान्सचाच खजिना खंगला.

आणि जिंकल्यावर काय, सोनं उगवलं? कागदी चलनाला कुणी हुंगत नव्हतं. १७८३ मध्ये पगार थकलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात असा घेराव घातला की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, उठून प्रिन्स्टनला गेली. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी कोर्टं बंद पाडायला निघाले. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा त्याच युद्धातला कॅप्टन! राज्यघटना १७८७ ची. अर्थमंत्री हॅमिल्टननं राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या अंगावर घेतली १७९० मध्ये, तेव्हा कुठे पत बसली. मला विचाराल तर यॉर्कटाउनपेक्षा हे साल मोठं.

बंदुकीनंच भरभराट होते म्हणणाऱ्यांनी हैतीकडे बघावं. गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला धूळ चारून १८०४ साली देश उभा केला. १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँकांची 'भरपाई' मानगुटीवर बसवली. उलट कॅनडा इंग्लंडशी असं युद्ध न करताच मोठा झाला. बोला.

मावळगडी:
काका, अर्धाच इतिहास सांगून टाळ्या घेताय. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजानं फर्मान काढलं होतं की अ‍ॅपलेशियन डोंगरापलीकडे वसाहत करायची नाही. युद्ध जिंकलं म्हणून १७८३ च्या तहात मिसिसिपीपर्यंतचा मुलूख मिळाला. त्या जमिनीशिवाय तुमचा हॅमिल्टन काय वहीत रेघा मारत बसला असता? कॅनडाला सवलती मिळाल्या त्याही लंडननं एकदा हात पोळून घेतले होते म्हणून.

आणि लढाईची गोष्ट निघालीच आहे तर आपलं वडगाव कुणाला आठवतं? जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रज रघुनाथरावांना घेऊन घाट चढून आले. आपल्या लोकांनी तळेगाव जाळून दाणागोटा तोडला. इंग्रजांनी तोफा तळ्यात ढकलून पळ काढला आणि वडगावला तह मागितला. इंग्रज अमेरिकेत हरले ते साराटोगा १७७७ चं, वडगाव १७७९ चं. एकाच शत्रूला एकाच वेळी दोन खंडांत मार! माझं अख्खं बालपण वडगावात गेलं, पण शाळेत मास्तरांनी बोस्टनचा चहा शिकवला, वडगाव नाही.

खडूस काका:
वडगाव जिंकलं, मग तीन वर्षांनी सालबाईच्या तहात मुंबईजवळची साष्टी इंग्रजांकडेच का राहिली?

मावळगडी:
कारण इंग्रजांनी वडगावचा तह धाब्यावर बसवून बंगालहून आधीच निघालेली गॉडर्डची फौज पुढे आणली. शब्द मोडणाऱ्याला सोडून पाळणाऱ्याला दोष द्यायची तुमची जुनी सवय.

शनवारातला:
दोष कसला, फ्रान्सचंच बघा. तिकडे आरमार दिलं, आणि पुण्यात १७७७ ला कुणाला पाठवलं? वकील म्हणून सेंट ल्यूबिन! नानांनी त्याची बडदास्त ठेवली, हाती काय आलं? इंग्रज तेवढे बिथरले. पुण्याच्या वाट्याला कायम असलेच पाहुणे येतात. आमच्या सोसायटीतही पुनर्विकासाला जो बिल्डर आला तो याच जातकुळीचा. थाट मोठा, आराखडा नाही. दोन वर्षं भाड्याच्या घरात राहतोय.

मावळगडी:
बिल्डर राहू दे. तोच कॉर्नवॉलिस पुढे इथे गव्हर्नर जनरल झाला. यॉर्कटाउनला आजाराचं निमित्त सांगून शरणागतीला दुसऱ्यालाच पाठवणारा हा गडी...

खडूस काका:
...आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूला नमवताना त्याच्याबरोबर कोण होतं? हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ! अमेरिकेनं घालवलेल्या सेनापतीची अब्रू आपण भरून दिली. हेही शाळेत शिकवायचं का?

मावळगडी:
टिपूचा उपद्रव ज्यांनी सोसला त्यांना विचारा. घरात बसून तेव्हाच्या दरबाराला अक्कल शिकवणं सोपं आहे. आता आपल्या फौजेनं लुटलेला शृंगेरीचा मठ काढाल, माहीत आहे मला.

खडूस काका:
नाव तुम्हीच काढलंत.

मेरिलँडची वहिनी:
तुमच्या लढाया आटपल्या असतील तर बोलू का? मी इथे बरीच वर्षं राहते. पाहुणे आले की माउंट व्हर्नन दाखवायला मलाच जावं लागतं. सासूबाई वॉशिंग्टनचं घर बघून 'केवढं वैभव' म्हणाल्या, मग गुलामांच्या राहत्या खोल्या बघितल्या आणि परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या माणसाच्या मळ्यावर शेवटी तीनशेवर गुलाम होते. १७९० च्या जनगणनेत देशात सुमारे ७ लाख, १८६० ला जवळपास ४० लाख. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते कमी व्हायला हवे होते ना? आणि मावळगडी, तुमच्या त्या 'मिळालेल्या मुलखात' माणसं राहत होती. तिथल्या चेरोकी आदिवासींना १८३८ मध्ये बंदुकीच्या धाकानं हाकललं. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या सदाचारी अमेरिकनांना. यॉर्कटाउनच्या विजयाला नाही.

वऱ्हाडी पांढरं सोनं:
वहिनी बरोबर बोलल्या. पण गुलामांनी काय पिकवलं ते कोणी लिहीतच नाही. कापूस! यादवी युद्धाआधी अमेरिकेच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल तोच होता. १८६१ ला तिकडे युद्ध पेटलं, माल अडला, अन् मँचेस्टरच्या गिरण्यांना आमचा वऱ्हाड आठवला. मुंबईत पैसा धो धो आला, १८६५ ला युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदांसकट बाजार आपटला. शेठ लोक बुडाल्याचं सगळे लिहितात, शेतकऱ्याचं कोण लिहितं? आजही तेच. २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं अन् आमचा भाव पडला. माझ्या घरी गेल्या हंगामाच्या गाठोड्या अजून पडून आहेत. महासत्ता कशी झाली विचारता? शेतकऱ्याला अनुदान देऊन.

शनवारातला:
दादा, विषय स्वातंत्र्ययुद्धाचा आहे.

वऱ्हाडी पांढरं सोनं:
तुमचा बिल्डर चालतो, आमचा कापूस नाही चालत?

मावळगडी:
बरं, हैतीचा मुद्दा काकांना बक्षीस दिला. फ्रेम करून मेहुण्याला पाठवा. पण नुसत्या वहीनं देश उभा राहिला असता तर शेजला आवरायला फौज का काढावी लागली?

खडूस काका:
फौज काढायला सरकारी खजिन्यात पैसा नव्हता. बोस्टनच्या सावकारांनी वर्गणी काढून ती उभी केली. म्हणून तर १७८७ ला घटना लिहायला बसले. आणि साष्टीचं उत्तर अजून आलेलं नाही.