प्रतिसाद: गरोदरपणातली साखर आणि कारल्याचा रस

डोहाळ्यात गोड खाल्लं म्हणून साखर वाढली आणि कारल्याच्या रसाने ती उतरेल, असं वर एका ताईंनी लिहिलंय. पहिलं तर मनातून काढाच. वारेतून (बाळाला पोसणारा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव) येणारे हार्मोन्स इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. हे सगळ्याच गरोदर बायकांत होतं. ज्यांचं स्वादुपिंड तेवढं जास्तीचं इन्सुलिन पुरवू शकत नाही, त्यांची साखर चढते. घरात मधुमेह, जास्त वजन, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर शक्यता वाढते.

माझी २४ ते २८ आठवड्यांतली चाचणी भर मे महिन्यात झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त. १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर आलं की गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान. नागपुरात मे महिन्यात चालायला जा म्हणणाऱ्याला काय म्हणावं! मी जेवणानंतर घरातच पंधरा मिनिटं येरझारा घालायची. तर्री-पोह्यांची प्लेट अर्धी केली, सोबत मोड आलेली मटकी. रात्री भातापेक्षा ज्वारीची भाकर. संत्र्याचा रस बंद, पण अख्खं संत्र चालायचं. बर्फी मात्र नाहीच (सासूबाई रुसल्या). एवढ्यानेच बऱ्याच जणींची साखर आटोक्यात येते.

नाही आली तर इन्सुलिनला भिऊ नका, ते वारेतून बाळाकडे जात नाही. कारल्याचा रस, मेथीचे काढे, जांभळाच्या बियांची पूड गरोदरपणात औषध म्हणून नकोच. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, ते सगळ्याच विसरतात.