निळी शाई हवी, पण पाण्याने न जाणारी: काय निवडावे?

प्रश्न — कोरेपान

गेली सहा-सात वर्षे मी रोजच्या नोंदी फाउंटन पेनने आणि शक्यतो निळ्या शाईनेच लिहीत आलो आहे. मागच्या आठवड्यात टेबलावरचा पाण्याचा पेला उघड्या वहीवर कलंडला. पाणी लगेच टिपून घेतले, तरी तेवढ्या वेळात उजव्या पानावरच्या ओळी विरघळून त्यांचे एक आकाशी तळे झाले होते. पान वाळल्यावर त्या तळ्याच्या काठाची गडद निळी किनार तेवढी उरली आणि मधला मजकूर गेला. डाव्या पानावर मात्र दुसऱ्या पेनातल्या ब्ल्यू-ब्लॅक शाईने लिहिलेल्या चार ओळी होत्या. त्यांचा निळेपणा पार उडाला, त्या राखाडी दिसतात, पण अक्षर न् अक्षर वाचता येते.

मला ब्ल्यू-ब्लॅक मनापासून आवडत नाही. वाळल्यावरही निळा म्हणूनच ओळखू येईल असा निळा हवा आणि पान भिजले तरी मजकूर राहावा, एवढीच अपेक्षा आहे. माझ्याकडे दोन पेने आहेत: एक स्टीलच्या निबेचे, कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी सुटी नळी) असलेले, दुसरे जुने, सोन्याच्या निबेचे, पिस्टनने शाई भरायचे आणि मला सुटे करता न येणारे. बाटलीवर ‘पर्मनंट’ असे लिहिलेली शाई घेतली तर काम भागेल का? आणि धुऊन गेलेले पान वाचण्याचा काही उपाय कुणाला माहीत आहे का?

उत्तर — माजूफळ

तुमच्या दोन पानांनीच अर्धे उत्तर दिले आहे. उजव्या पानावरची शाई बहुधा ज्याला रॉयल ब्ल्यू किंवा वॉशेबल ब्ल्यू म्हणतात त्या जातीची असावी. पेलिकनची ४००१ रॉयल ब्ल्यू आणि लामीची साधी निळी ही त्यातली सर्वांच्या ओळखीची उदाहरणे. यांतला रंग पाण्यात पूर्ण विरघळणारा डाय असतो. पाण्यात त्याच्या रेणूंवर ऋण प्रभार असतो, कागदातल्या सेल्युलोजवरही भिजल्यावर किंचित ऋण प्रभारच असतो, त्यामुळे दोघांना एकमेकांशी बांधून ठेवणारे फारसे काही नसते आणि पाणी आले की रंग निमूटपणे त्याच्याबरोबर चालता होतो. हा त्या शाईचा दोष नव्हे. मुलांच्या कपड्यांवरचे डाग धुता यावेत आणि चुकलेला शब्द शाई घालवणाऱ्या पेनाने पुसता यावा, याच हेतूने ती तशी बनवलेली असते. पुसताना होते तेही पाहण्यासारखे आहे: डायचा रेणू कागदावरून जात नाही, त्याची रचना बदलून तो रंगहीन होतो, इतकेच.

डाव्या पानावरची शाई लोहयुक्त असणार. माजूफळातले टॅनिन आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या संयोगातून होणारी शाई शेकडो वर्षे वापरात आहे, आणि आजच्या लोहयुक्त शाया त्याच तत्त्वावर चालतात, फक्त पेनाला सोसेल इतक्या सौम्य करून. बाटलीत लोह विरघळलेल्या, जवळजवळ रंगहीन अवस्थेत असते. शाई तशी राहावी म्हणून तिच्यात थोडे आम्ल घालतात. कागदावर हवा लागली की लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि न विरघळणारे काळे संयुग कागदाच्या तंतूंमध्येच तयार होते. पण हे घडायला वेळ लागतो आणि तोवर लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत ते दिसायला हवे, म्हणून वरून निळा डाय घातलेला असतो. पाण्याने तो निळा पाहुणा गेला आणि घरचा काळा मागे राहिला; तुमच्या राखाडी ओळी म्हणजे तोच.

म्हणून ब्ल्यू-ब्लॅक कितीही टिकाऊ असली तरी तिच्यात टिकते ते निळे नसते, ही गोष्ट तुमच्या अपेक्षेच्या आड येते. रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स लिहिताना चांगली निळी दिसते, पण काही दिवसांत तीही करड्या निळ्याकडे झुकते. शिवाय नावावर जाऊ नका. पेलिकन ४००१ ची आणि प्लॅटिनमची ब्ल्यू-ब्लॅक लोहयुक्त आहे, पायलटची साधी ब्ल्यू-ब्लॅक डायची आहे आणि तरीही ती पाण्यात बऱ्यापैकी तग धरते.

‘पर्मनंट’ या शब्दाविषयी: पार्करने १९३१ मध्ये क्विंक ही शाई बाजारात आणली, आणि तिच्यात पर्मनंट ब्ल्यू व वॉशेबल ब्ल्यू अशी जोडीच असे. तिथे पर्मनंट याचा अर्थ लवकर न उडणारी आणि कपड्यावरून सहज न निघणारी, एवढाच घ्यायचा. तो शब्द म्हणजे जलरोधकतेची हमी नव्हे.

उत्तर — दौतवाले

वरचे विवेचन योग्य आहे, मी फक्त पुढची पायरी सांगतो. निळा रंग स्वतःच टिकायला हवा असेल तर तो विरघळलेला नसावा, म्हणजे पिगमेंटची शाई घ्यावी. तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म घन कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. पाणी उडून गेले की ते तंतूंमध्ये रुतून बसतात आणि पुन्हा विरघळत नाहीत, कारण ते मुळात विरघळलेले नसतातच. प्लॅटिनमची पिगमेंट ब्ल्यू मी बराच काळ वापरतो आहे. तिचा निळा रॉयल ब्ल्यूइतका टवटवीत नाही, थोडा शांत आहे, पण तो निळाच आहे. सेलरची सेइबोकू पाण्यापुढे तितकीच पक्की, मात्र रंगाने ब्ल्यू-ब्लॅककडे जाणारी, म्हणून ती तुम्हाला रुचणार नाही. दे आत्रामेंतिसची डॉक्युमेंट ब्ल्यू हा आणखी एक पर्याय. त्या मालिकेतल्या शाया आपापसांत मिसळता येतात, त्यामुळे छटा हवी तशी जुळवता येते.

दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. पहिली, ही शाई त्या जुन्या पिस्टनच्या पेनात घालू नका. डाय वाळला तर पाण्याने पुन्हा सुटतो. पिगमेंट फीडच्या (निबेखालच्या, शाई पोचवणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांत वाळले तर सुटेलच असे नाही, आणि जे पेन उघडता येत नाही त्याची सफाई करणार कशी? स्टीलच्या निबेचे पेन या कामाला योग्य आहे. ते रोज वापरावे, टोपण उघडे टाकून उठू नये, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला कन्व्हर्टरने साधे पाणी आत-बाहेर करून धुवावे. दुसरी अट कागदाची: फार गुळगुळीत, शाई न शोषणाऱ्या कागदावर कण आत न शिरता वरच बसतात, मग पाण्याने न गेलेली ओळ बोटाने घासली तर धूसर होते. या शाईला थोडे शोषणारा कागद मानवतो.

उत्तर — टीपकागद

टवटवीत निळा आणि पाण्याचा टिकाऊपणा एकत्र हवे असतील तर नूडलर्सच्या बे स्टेट ब्ल्यूचे नाव निघणारच, म्हणून आधीच सांगतो. रंग डोळे दिपवणारा आहे आणि ओळ पाण्यात बरीच टिकते (ब्लीचपुढे टिकत नाही). पण ती अल्कधर्मी आहे, इतर शायांशी मिसळू नये, आणि पारदर्शक पेनाला तिचा निळा डाग लागला की तो निघता निघत नाही. ज्या पेनाचा रंग बदलला तरी वाईट वाटणार नाही, त्याच पेनात ती भरावी.

कोणतीही शाई घेण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या वहीच्या कागदावर परीक्षा घ्या, कारण दुसऱ्याच्या कागदावरचा निकाल आपल्या कागदावर तसाच येत नाही. प्रत्येक शाईसाठी कागदाची एक पट्टी घेऊन तिच्यावर त्या शाईने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढावी, शाईचे नाव मात्र पेन्सिलीने लिहावे, कारण भिजवल्यावर तेच नक्की राहते. मी हे पूर्वी पेनानेच लिहीत असे आणि मग कोणती पट्टी कोणाची हे ओळखत बसत असे. लिहिल्यावर तासाभराने अर्धी पट्टी आणि आठवड्याने उरलेली अर्धी पाच मिनिटे पाण्यात ठेवावी. लोहयुक्त शाईच्या बाबतीत या दोन अर्ध्यांमधला फरक पाहण्यासारखा असतो.

धुतलेल्या पानाबद्दल: निळा रंग निळा दिसतो, कारण तो प्रकाशातला लाल भाग शोषून घेतो. पानाचे रंगीत स्कॅन करा आणि फोटो सुधारण्याच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये त्यातला फक्त लाल चॅनल, म्हणजे चित्रातला लाल प्रकाशाचा थर, पाहा. डोळ्यांना जेमतेम जाणवणारी फिकट निळी ओळ तिथे करड्या रंगात बरीच गडद दिसते. कॉन्ट्रास्ट त्यानंतर वाढवावा. जिथे सगळीकडे सारखाच निळा पसरला आहे तिथे यानेही काही हाती लागणार नाही.

कोरेपान यांचे उत्तर

सर्वांचे आभार. परीक्षा करून आठ दिवसांनी लिहितो आहे. तीन पट्ट्या केल्या: माझी नेहमीची निळी, घरातली लोहयुक्त ब्ल्यू-ब्लॅक आणि दौतवाल्यांनी सुचवलेली पिगमेंट ब्ल्यू. नेहमीची निळी तासाभरानेही आणि आठवड्यानेही सारखीच गेली. पाण्यात धरताच जाळीच्या प्रत्येक छेदातून निळा धूर निघावा तशी ती सुटत होती. ब्ल्यू-ब्लॅकचा तासाभराचा भाग कोळ्याच्या जाळ्यासारखा पुसट उरला, आठवड्याचा मात्र शिसपेन्सिलीने काढावा तसा ठळक. पिगमेंटच्या दोन्ही भागांत मला फरक सापडला नाही, पाणीदेखील स्वच्छ राहिले. स्टीलच्या पेनात आता तीच भरली आहे. जुन्या पेनात रॉयल ब्ल्यूच राहील आणि ते पत्रांपुरते वापरीन.

लाल चॅनलची युक्ती चालली. तळ्याच्या काठाकडच्या सात ओळी पूर्ण वाचता आल्या आणि त्या मी नव्या शाईने उतरवून घेतल्या. मधल्या चार ओळींतले एक नाव आणि एक तारीख तेवढी सापडली.

उत्तर — माजूफळ

ब्ल्यू-ब्लॅकच्या पेनाबद्दल एक राहून गेले. त्यात लोहाचा गाळ साठला आहे असे वाटले तर अमोनियाचे द्रावण वापरू नका. अल्कधर्मी पाण्यात तो गाळ अधिकच घट्ट बसतो. पाण्याने धुऊन मग अगदी पातळ सायट्रिक आम्लाने थोडा वेळ भिजवा आणि शेवटी पुन्हा भरपूर पाण्याने धुवा.